सालेर्नोच्या शेवटच्या तुकडीतला मुलगा

राजाचा हुकूम नापोलीहून आला, तेव्हा डॉन सावेरिओ वर्गात नाडी शिकवत होते. शेकडो वर्षं चाललेली सालेर्नोची वैद्यशाळा त्या दिवशी बंद झाली. यापुढे वैद्याची पदवी मिळणार ती फक्त नापोलीत. सावेरिओंनी घरी येऊन जेवायला बसताना बातमी सांगितली.

त्यांचा मुलगा इप्पोलितो शेवटच्या वर्षाला होता.

"आता परत पहिल्यापासून?" त्याची आई ओर्तेन्झिया म्हणाली. "पुरे झालं. माझ्या भावाच्या लिंबांच्या धंद्यात घाला त्याला."

"शाळा गेली म्हणून विद्याही घालवायची होय?" सावेरिओ कडाडले.

इप्पोलितोने आईला जवळ घेतलं. "आई, लिंबांना ताप येत नाही गं. मी करू काय तिथे?"

तो नापोलीला गेला. हिवाळ्यात तिथल्या इस्पितळात तापाची साथ आली आणि रोग्यांची सेवा करता करता तोही आडवा झाला. निरोप मिळताच सावेरिओ धावले. मुलाच्या छातीवर पुरळ होतं, जीभ काळी पडली होती. त्यांनी मनगट हातात घेतलं.

"काय म्हणते नाडी, गुरुजी?" वर्गात तो त्यांना गुरुजीच म्हणे.

"बरा होशील. आठवडाभरात उठून बसशील."

इप्पोलितो कसंबसं हसला. "रोग्याला म्हणावं बरा होशील, आणि बाहेर जाऊन घरच्यांना खरं सांगावं. आपल्या शाळेचा जुना रिवाज. तुम्हीच शिकवलात ना? जा बाबा, घरच्यांना सांगून या."

बाहेर कोणीच नव्हतं. तरी सावेरिओ गेले. भिंतीला टेकून स्वतःशीच म्हणाले, "पोर वाचत नाही." मग डोळे पुसून आत आले आणि त्याचा हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

नवरा एकटाच परतलेला पाहून ओर्तेन्झिया काय ते समजली. "लिंबं विकून जगला असता हो," एवढंच बोलली. पुढे कित्येक महिने तिने त्यांच्याशी अबोला धरला.

वसंतात जुने विद्यार्थी दाराशी आले. "गुरुजी, शाळा नसली म्हणून काय झालं? तुमच्या घरी येऊन शिकू."

सावेरिओंनी दार अर्धंच उघडलं. "नापोलीला जाऊ नका रे," ते म्हणाले, "आणि माझ्याकडेही येऊ नका."

आतून ओर्तेन्झियाचं रडणं ऐकू येत होतं. पोरं थोडा वेळ घुटमळली, मग उतार उतरून निघून गेली.