जोडणीआधीची तपासणी

खोक्याच्या झाकणावरची चिकटपट्टी सरळ होती, पण तिच्या एका कडेला, साधारण नखाच्या रुंदीएवढ्या भागात, पट्टीखाली धूळ अडकलेली होती. धूळ पट्टीच्या वर बसते. ती खाली शिरायची तर पट्टी एकदा निघून पुन्हा बसलेली असावी लागते. दुकानदाराने कुणाला तरी दाखवायला खोकं उघडलं असेल आणि परत चिकटवलं असेल, असा निष्कर्ष मी काढला आणि ब्लेड चालवलं.

"काय म्हणतंय खोकं?" बाबांनी विचारलं.

"आधी उघडलेलं आहे. दुकानात."

"असेल," बाबा म्हणाले.

खोक्यात रोबो होता. म्हणजे अजून रोबो नव्हता, त्याचे सुटे भाग होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी "हात कामात ठेवा" म्हटलं तेव्हा मी तो बाबांसाठी आणला आणि सुट्टी मिळेपर्यंत कपाटावर ठेवला. बाबांच्या नजरेच्या बरोबर मधोमध आता धूसर डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याकडे बघायचं असलं की ते माझ्या कानाच्या बाजूला बघतात. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्यामागे कुणी उभं आहे.

बाबांनी जन्मभर प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवले. नव्या साच्यातून निघालेला पहिला नग खिशात टाकून ते घरी आणायचे, कधी बादलीची कडी, कधी स्विचची पेटी. जेवणाच्या टेबलावर तो नग ठेवायचा आणि आम्ही दोघी बहिणींनी त्यातला दोष शोधायचा. मी भिंग घेऊन बसायचे. धाकटी तो वाकवून बघायची, आणि बहुतेक वेळा तो तुटायचा. "हाच दोष," ती म्हणायची. तेव्हापासून बाबा तिला घाईबाई म्हणतात आणि मला इन्स्पेक्टर. पुढे मी खरोखरच एका प्रयोगशाळेत प्लास्टिक तपासायला लागले, त्यामुळे माझं नाव तरी वाया गेलं नाही.

आमच्या घरातला एक नियम तेव्हापासूनचा आहे. सगळं तपासून होईपर्यंत जोडायच्या खेळण्याचा एकही तुकडा त्याच्या प्लास्टिकच्या चौकटीतून कापायचा नाही.

आज घाईबाई यायची होती. रोबोसाठी नव्हे, उत्तरासाठी. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले. मी एकटी, घरात जागा होती, सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं. गेलं वर्षभर धाकटी मला म्हणत होती, "आता त्यांना माझ्याकडे पाठव." बाबांना विचारलं की ते म्हणत, "बघू." काल फोनवर ती म्हणाली होती, "ताई, उद्या 'बघू' ऐकून मी परत जाणार नाही. सांगून ठेवते."

मी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असं नाही. दोन्ही घरं मी मनात कितीदा तरी तोलली होती. माझ्याकडे लिफ्ट, तिच्याकडे तळमजला. माझ्याकडे दवाखाना जवळ, तिच्याकडे दिवसभर घरात माणसं. माझ्याकडे शांतता, तिच्याकडे घराला लागून दुरुस्तीचं दुकान, त्यात पंखे आणि शिवणयंत्रं, आणि काम करताना स्वतःशीच बडबडणारा तिचा नवरा. दर वेळी पारडी सारखी निघायची. आणि पारडी सारखी निघाली की जे जसं आहे ते तसंच राहतं. म्हणजे बाबा माझ्याकडे. हे मला कळत होतं.

मी चौकटी टेबलावर मांडल्या. राखाडी, निळी, आणि एक छोटी पारदर्शक, डोळ्यांची. प्रत्येक चौकटीत बारीक दांड्यांना लगडलेले भाग. मी एकेक चौकट खिडकीसमोर धरून बघत होते आणि मग बाबांच्या हातात देत होते. ते अंगठा फिरवायचे.

"छातीला खळगा आहे," ते म्हणाले.

मी भिंग लावलं. होता. आतून जाड असलेलं प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि बाहेरून खळगा पडतो. "अगदी उथळ आहे. दिसणार नाही."

"साच्यातून लवकर काढलं. घाई केली." त्यांनी चौकट परत दिली. "आपल्या घाईबाईनेच काढलं असेल."

पायाच्या एका तुकड्यावर पांढरट रेघ होती. वाहतुकीत दाब पडून वाकला असावा, तुटला नव्हता. या प्लास्टिकचा हा गुण मला आवडतो. ते तुटण्याआधी पांढरं पडतं आणि आपल्याला सांगतं की आता पुरे. माणसांत तशी सोय नाही.

शेवटी एक छोटी दुधी रंगाची पिशवी उरली. तिच्यात हाताचे पंजे होते. ते चौकटीत नव्हते, सुटेच होते. पिशवीला चिठ्ठी लावलेली होती आणि तिच्यावर वजन छापलं होतं. सुटे बारीक भाग कारखान्यात मोजत नाहीत, तोलतात. पिशवी फोडली तर पंजे गडगडत कपाटाखाली जाणार, म्हणून मी ती तशीच छोट्या वजनकाट्यावर ठेवली. काट्यावरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा एकच होता. आतल्या सावल्या मोजल्या. दोन.

"पंजे बरोबर," मी म्हणाले आणि पिशवी बाबांकडे दिली.

त्यांनी ती हातात घेतली आणि लगेच टेबलावर ठेवली. "बरं," म्हणाले.

"झालं. सगळं आहे, सगळं ठीक आहे." मला समाधान वाटलं. टेबलावर एक अख्खा रोबो पडला होता, न कापलेला, न बिघडलेला.

तेवढ्यात बेल वाजली.

"अजून उघडतच आहात?" धाकटीने पिशव्या दारातच टाकल्या. "मला वाटलं एव्हाना रोबोच चालत येऊन दार उघडेल."

"आत्ता तपासणी संपली," मी म्हणाले.

"पास झाला का बिचारा?" ती बाबांच्या शेजारी बसली, त्यांच्या कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला आणि हाताला लागली ती पंज्यांची पिशवी उचलून दाताने फाडली.

"अगं, दाताने?"

"कात्री शोधत बसू? ताई, तुझ्या घरात कात्रीसुद्धा फडताळात झोपवून ठेवलेली असते." तिने एक पंजा आपल्या उजव्या हातावर ठेवला, बोटांवर बोटं, अंगठ्यावर अंगठा. मग दुसरा डाव्या हातावर ठेवायला गेली. थांबली. तो फिरवला. परत ठेवून पाहिला.

"याला डावा हातच नाही," ती म्हणाली.

"आहे. वजन बरोबर आहे."

"असेल. पण दोन्ही उजवे आहेत." तिने दोन्ही पंजे माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. अंगठे एकाच बाजूला होते. "कामाचा माणूस दिसतोय. दोन्ही हातांनी सही करेल."

मी पंजे उचलून पाहिले, मग ठेवले. डावा हात आणि उजवा हात यांचं वजन सारखंच असतं. आरशात दिसणाऱ्या वस्तूसारखं, सगळं तेच, फक्त एकावर एक बसत नाही. रसायनशास्त्रातला हा धडा मी कॉलेजात शिकले होते आणि पुढे दोन वर्षं शिकवलाही होता. काट्याला यातलं काही कळत नाही, आणि मी काट्यावर विश्वास ठेवला होता.

धाकटी हसत होती. मीही हसले असते. पण माझं लक्ष बाबांकडे गेलं. त्यांनी हात पुढे केला नव्हता. सकाळपासून प्रत्येक तुकड्यावर त्यांनी अंगठा फिरवला होता, आणि आता एवढी मोठी चूक सापडली तरी ते "बघू दे" म्हणत नव्हते. मला चिकटपट्टीखालची धूळ आठवली.

"बाबा, खोकं तुम्ही उघडलं होतंत?"

"दुपारी घरात कुणी नसतं," ते म्हणाले. "रेडिओ तरी किती ऐकणार? काढलं, चाचपलं, परत ठेवून दिलं."

"पंजे कळले होते?"

"पिशवीतूनही कळतात. अंगठे कुठे आहेत ते लागतं हाताला."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"तू तोललंस. बरोबर म्हणालीस." त्यांनी टेबलावरचा नसलेला कचरा तळहाताने झाडला. "एवढं मन लावून केलंस. म्हटलं, राहू दे."

धाकटीचं हसू थांबलं होतं. तिने पंजे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "मग आता? दुकानात जाऊन बदलून आणायचं?"

"कशाला?" बाबा खुर्चीत पुढे सरकले. "एकाचा अंगठा मुळाशी कापायचा, कानस मारायची आणि दुसऱ्या बाजूला चिकटवायचा. बोटं चारच आहेत आणि आखूड आहेत, थोडी घासून त्यांची लांबी जुळवता येईल. झाला डावा. फक्त धरायला घट्ट हवं. जावयांच्या टेबलाला ती छोटी पकड लावलेली आहे ना, खिडकीकडच्या बाजूला, त्यात कापडाचा तुकडा घालून धरायचं म्हणजे चरे पडणार नाहीत. बारीक करवत आहे त्यांच्याकडे, वरच्या खणात. पातं जुनं झालंय, ते मात्र बदलायला हवं. मी त्यांना मागेच म्हटलं होतं."

बोलताना त्यांचे हात चालत होते. एका हाताने हवेतली पकड आवळली, दुसऱ्याने करवत ओढली. कितीतरी महिन्यांत मी त्यांना एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. धाकटीच्या दुकानात ते शेवटचे कधी गेले होते, ते मला आठवेना. त्यांना मात्र करवत कोणत्या खणात आहे तेही ठाऊक होतं.

"वरच्याच खणात आहे," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "पातं अजून तेच आहे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. आज उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणणारी घाईबाई, आणि ती वाट बघत होती.

मी दोन्ही पंजे परत काट्यावर ठेवले. का ठेवले, सांगता येणार नाही. आकडा तोच आला. वर्षभर मी लिफ्ट, तळमजला, दवाखाना, माणसं असं सगळं तोललं. बाबांना मी "काय ठरवलंत" विचारलं होतं, "कुठे बरं पडेल" विचारलं होतं. ज्या प्रश्नाचं उत्तर सरळ हो किंवा नाही येतं, तेवढा एकच प्रश्न मी विचारला नव्हता. विचारला नाही म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. मी एवढं मन लावून सगळं करत होते, म्हणून राहू दिलं.

मी काटा बंद केला.

"बाबा, तुम्हाला हिच्याकडे राहायला जायचंय?"

बाबांचे हात टेबलावर आले. त्यांनी मान किंचित वळवली आणि माझ्या कानाच्या बाजूला पाहिलं, म्हणजे माझ्याकडे पाहिलं.

"जायचंय," ते म्हणाले.