मध्यस्थाचा घास

आमच्या ह्यांनी सव्वा वर्ष झालं तरी भाकरी खाल्ली नव्हती. ज्वारीच्या मुलखात जन्मलेला, सोलापुरात राहणारा माणूस, आणि भाकरी नाही. भात खायचे, नाहीतर आजाऱ्यासारखी पेज प्यायचे. शेजारच्या बजाबाईंनी एकदा विचारलं, "अंबुबाई, मास्तरांचा नवस हाय का काय?" मी व्हय म्हणून मोकळी झाले. खरं सांगायला बसले असते तर तव्यावरची भाकरी करपली असती, कारण ते पार सायप्रसपर्यंत जाणारं प्रकरण होतं.

ह्यांचं नाव ईश्वरप्पा, आणि काम लोकांची भांडणं मिटवणं. हसू नका. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मीही हसले, मग सवय झाली. चांगली मास्तरकी सोडून हे शांतता केंद्रात गेले. केंद्र म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि एक सायकल. बांधाचे तंटे, पाण्याचे तंटे, मिरवणुकीचे तंटे, सगळं तिथं यायचं. घर माझ्या शाळेच्या नोकरीवर चालायचं.

अक्कलकोटच्या पलीकडं ह्यांचं गाव आहे, निम्मं मराठी, निम्मं कानडी. तिथं तंटा मिटला की कागद करत नाहीत. दोन्ही घरांतून ओंजळभर पीठ येतं, ते एकत्र मळून एकच भाकरी थापतात आणि पहिला घास मध्यस्थ घेतो. घास घेतला म्हणजे तो दोघांचा जामीन झाला. उद्या कुणी भांडण पुन्हा उकरलं, तर मध्यस्थानं भाकरी सोडायची, आणि दोन्ही पक्षांनी येऊन 'खा बाबा आता' म्हणेपर्यंत तिला शिवायचं नाही. माझे सासरे एकदा अकरा दिवस असे राहिले होते. बाराव्या दिवशी दोघे भाऊ रडत दारात आले. मध्यस्थ उपाशी आहे म्हटल्यावर गावालाच लाज वाटते.

त्र्याहत्तर साली, दुष्काळ संपता संपता, लंडनच्या एका संस्थेचं ह्यांना बोलावणं आलं. सायप्रस नावाच्या बेटावर ग्रीक आणि तुर्क दहा वर्षं एकमेकांकडं पाठ करून बसले होते. तुर्कांनी गावं सोडली होती. त्यांना समजावून परत घरी नेऊन बसवायचं, असं काम. मी शाळेच्या नकाशात ते बेट शोधलं, तर ते माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकलं गेलं.

"एवढ्याशा जागेत भांडायला जागा तरी आहे का?" मी म्हटलं.

"आपल्या विहिरीच्या काठापेक्षा मोठं आहे," हे म्हणाले आणि ट्रंक भरायला लागले.

तिथं ह्यांच्या वाट्याला आलं एक गाव आणि त्यातला रमादान नावाचा म्हातारा तुर्क. त्याचं घर दहा वर्षं ओस पडलं होतं. शेजारी डेस्पिना नावाची ग्रीक विधवा राहायची, ती त्याच्या परसातल्या लिंबूच्या झाडाला तेवढी वर्षं पाणी घालत होती. म्हातारी बरी, म्हातारा बरा, पण बोलणी काही पुढं सरकेनात. रमादान म्हणायचा, "सरकारचे कागद माझ्याकडं पुष्कळ आहेत. माझ्यासाठी उभा कोण राहणार?" मग एका दुपारी हे उठले. दोन्ही घरांतून पीठ मागवलं, गव्हाचं, डेस्पिनाच्या भट्टीत एकच रोटी भाजली आणि ह्यांनी पहिला घास घेतला. महिन्याभरात रमादान बायकोला घेऊन घरी राहायला आला. संस्थेनं ह्यांचे फोटो छापले. ह्यांनी मला लिहिलं, 'अंबू, आपल्या गावची रीत इथं चालली.' ते पत्र मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला सांगू.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये तिथं लढाई पेटली. त्या दिवशी हे रमादानच्या छपरासाठी कौलं आणायला शहरात गेले होते. रस्ते बंद झाले, गावाकडं परत जाताच आलं नाही. पुढं परदेशी लोकांना गोळा करून बाहेर काढलं, त्यात ह्यांनाही काढलं. बेटाचे दोन तुकडे झाले, उत्तरेला तुर्क, दक्षिणेला ग्रीक. रमादानचं काय झालं ते कुणालाच सांगता येईना.

गणपतीच्या दिवसांत हे घरी आले. मी कडक भाकरी केली होती, शेंगाची चटणी, वर दही. ह्यांनी ताट हातानं हळूच सरकवलं.

"ते दोघं सांगेपर्यंत नाही, अंबू."

"अहो, त्या बिचाऱ्यांना ही रीत माहीत तरी आहे का?"

"मला माहीत आहे ना."

मला असा राग आला म्हणता! देव जाणे कुठल्या मुलखातली लढाई, दोन देशांच्या फौजा उतरलेल्या, आणि हा माणूस सोलापुरात बसून तिच्यासाठी भाकरी सोडतोय. मी भांडले, अबोला धरला, मुद्दाम ह्यांच्या समोर बसून भाकरी कुस्करून खाल्ली. हे शांतपणे पेज प्यायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला. केंद्राच्या खोलीला कुलूप पडलं. 'आपण काय शिकलो त्याचा अहवाल पाठवा' अशी लंडनची पत्रं यायची, ती न फोडता कॉटखाली जायची. गावाकडून कुणी तंटा घेऊन आलं तर एकच उत्तर, "ज्याचा घास मोडला त्यानं दुसऱ्यांच्या ताटात हात घालू नये." समजुतीच्या गोष्टी सांगून आम्ही दोघंही थकलो होतो. शेवटी मी बोलणंच सोडलं.

पण पत्र लिहिलं. ह्यांना न सांगता, माझ्या पाठ्यपुस्तकी इंग्रजीत, लंडनच्या संस्थेला. सगळी रीत लिहिली आणि विनवलं की ती दोघं असतील तिथं शोधा आणि विचारा, माझ्या नवऱ्यानं भाकरी खावी की नाही. वर पत्ता शाळेचा घातला.

सहा महिन्यांनी डेस्पिनाचा निरोप आला, संस्थेतल्या कुणीतरी इंग्रजीत उतरवलेला. 'खा म्हणावं त्याला. मी लिंबाला पाणी घालते आहे.' एक बाजू सुटली. मी ते पत्र हजेरीपटात घालून ठेवलं आणि दुसऱ्याची वाट बघत बसले. दिवस आणीबाणीचे, परदेशी पाकीट म्हटलं की पोस्टमनसुद्धा दोनदा उलटून बघायचा. मार्गशीर्षात दुसरं पाकीट आलं. मधल्या सुट्टीत, वर्गात एकटीनंच मी ते फोडलं.

'भारतीय पाहुण्याला सांगा, माझा त्याच्यावर राग नाही. पण खा असं मी सांगणार नाही. आम्हाला उत्तरेत एका पळालेल्या ग्रीकाचं घर दिलं आहे. स्वयंपाकघरात त्यांचं पीठ तसंच होतं. बायकोनं त्याची रोटी केली. मला गिळवली नाही. मी माझ्या घरी पोचलो की कळवीन, तेव्हा त्यानं खावं.'

त्या म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात नको नको ते बोलले. दोन शब्द लिहायचे होते, त्यात त्याचं काय जाणार होतं? मग त्या परक्या डब्यातलं पीठ डोळ्यांसमोर आलं आणि मला रडू आलं. पत्र आठ दिवस हजेरीपटात राहिलं.

रविवारी सकाळी गावाकडून मल्लप्पा आला, डोक्याला फडकं बांधून. त्याची आणि त्याचा चुलतभाऊ ईरप्पा याची दुष्काळात खणलेली विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळीवरून वर्षभर धुसफुस चाललेली, आता काठी चालली होती.

"आण्णा, तुमी चला," तो उंबऱ्यातच बसला. "दुसऱ्या कुनाचं त्यो ऐकत न्हाय. मी बी न्हाय ऐकत, खरं सांगतो की. आता कुराडी निगतील."

"माझा घास मोडलेला आहे, मल्लप्पा."

"मग आमी मरावं व्हय?"

मला ते सहन झालं नाही. "पत्र आलंय," मी म्हटलं. "दोघांचं."

हे ताडकन उठले. सव्वा वर्षात मी ह्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं. "सोडलं त्यांनी?"

खोटं बोलणाऱ्या पोरांच्या हातावर मी पट्टी मारते. पण त्या क्षणी 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. एका शब्दात नवरा परत मिळणार होता, भाकरी खाणारा, सायकलवर बसणारा. कोण जाणार होतं सायप्रसला विचारायला? पण ह्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि जीभ उचलेना. ह्या माणसाला खोटा घास भरवणं मला जमलं नाही. मी पिशवीतून हजेरीपट काढला आणि दोन्ही पत्रं हातात दिली.

ह्यांनी रमादानचं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली. "खरं लिहिलंय त्यानं," म्हणाले. मग खुंटीवरची टोपी घेतली. "चल मल्लप्पा. अंबू, तूही चल."

दुपारच्या एस.टी.नं आम्ही गावात पोचलो. ईरप्पाच्या अंगणात दिवस कलेपर्यंत बोलणी झाली. शिव्या झाल्या, मेलेल्या बापांची नावं निघाली, शेवटी पाळ्या ठरल्या. ईरप्पाची आई शिवम्मा हिनं दोन्ही घरचं पीठ मळून भाकरी थापली आणि पहिला तुकडा ह्यांच्यापुढं धरला.

ह्यांनी हात मागं घेतले. "मी घास घेणार नाही."

अंगणात गलका झाला. "मग जामीन कोन?" ईरप्पानं विचारलं.

"तुझा जामीन मल्लप्पा, आणि मल्लप्पाचा तू. मोडलं तर दोघांनी भाकरी सोडायची, दोघांच्या घरादारानं. मी सोलापुरात असतो रे. विहिरीवर तुम्ही असता." ह्यांनी ताट दोघांच्या मध्ये सरकवलं. "तिकडं मी जामीन राहिलो, आणि वेळ आली तेव्हा कौलं आणायला गेलो होतो. ती दोघं एकमेकांना जामीन राहू शकत होती. मीच मध्ये बसलो."

कुणाला पटलं, कुणाला नाही. शिवम्मा कानडीत काहीतरी पुटपुटली, ते चांगलं नव्हतं. पण दोघांनी भाकरी मोडली. मल्लप्पानं घास घेतला तो कडू काढा घेतल्यासारखा, ईरप्पाकडं न बघता. ईरप्पानं मात्र पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला.

परतीच्या गाडीत हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. घरी आल्यावर मी भीत भीत विचारलं, "आता तरी?"

"रमादान घरी गेलेला नाही, अंबू."

भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि मनही नव्हतं. मी भात टाकला. ह्यांनी कॉटखालची पाकिटं काढून फोडली आणि दुसऱ्या दिवशी लंडनला अहवाल लिहायला घेतला. तो एक पानाचा झाला. गुरुवारी केंद्राचं कुलूप उघडलं.

मी रमादानला वेगळं पत्र लिहिलं, ह्यावेळी ह्यांना दाखवून.

'आजोबा, तुम्ही म्हणालात तसे हे थांबले आहेत. मी त्यांच्याशी भांडणं सोडलं आहे. आमच्याकडं ज्वारीचं पीठ महिन्याभरात कडू होतं. म्हणून ह्यांच्या वाटणीची किलोभर ज्वारी मी दर महिन्याला नवी दळून आणते आणि महिना संपला की ते पीठ गाईला घालते. घरी पोचलात की दोन ओळी टाका. कधीही टाका. पीठ ताजं असेल.'