जोडीतला दुसरा कुर्ता

नलिनीने नंदाच्या कुर्त्याची कड उलटी केली आणि आतली शिलाई बघितली.

दोघी एकेकाळी मरोळच्या कपड्यांच्या एक्स्पोर्ट कंपनीत चेकिंगच्या टेबलावर शेजारी शेजारी बसायच्या. कंपनी बंद पडून जमाना झाला, पण कुणाचाही नवा कपडा दिसला की आधी तो उलटा करून बघायचा ही खोड काही गेली नव्हती. शिलाई सरळ होती. टाके बारीक होते. कापड मऊ, मोरपिशी रंगाचं, त्यावर पांढऱ्या बुट्ट्या. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती आणि नेमकं तेच नलिनीला आवडलं नाही.

"कुठला गं?"

"सेलमधला," नंदा म्हणाली. "गुरुवारी क्लिनिकला सुट्टी होती ना. गेले होते."

"एकावर एक?"

"हो, यंदा पण तेच. लाडू कुणी केलेत? बेसन झकास भाजलंय यार."

लाडू नलिनीनेच केले होते, पण ते सांगायचं तिला सुचलं नाही. एकावर एक म्हणजे दोन. एक नंदाच्या अंगावर होता. मग दुसरा कुणाच्या अंगावर होता?

दिवाळीआधी कपड्यांच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, हा दोघींचा वर्षानुवर्षांचा नेम. भाऊबीज उलटली, दुकानदारांना उरलेला माल खपवायची घाई झाली, की घाटकोपरच्या मॉलमधल्या ठरलेल्या दुकानात जायचं. तिथली ऑफर अशी, की एकाच नमुन्याचे दोन कुर्ते घेतले तर दुसरा फुकट. रंग कुठलाही घ्या. आता एकट्या बाईने एकाच नमुन्याचे दोन घेऊन काय करावं? म्हणून दोघी मिळून घ्यायच्या, एक हिला, एक तिला, पैसे निम्मे निम्मे. त्यामुळे नलिनीच्या कपाटात जे होतं तेच वेगळ्या रंगात नंदाच्या कपाटात होतं. कुठे बरोबर जायचं असलं की आधी फोन व्हायचा, नाहीतर बँडवाले आल्यासारखं दिसायचं. नंदाच्या भाचीच्या लग्नात फोन करायचा राहून गेला आणि दोघी एकाच वेलबुट्टीत हजर झाल्या. फोटोवाल्याने विचारलं, "सख्ख्या बहिणी का?" नंदा "हो" म्हणून मोकळी झाली. तो फोटो नंदाच्या घरी अजून टीव्हीशेजारी आहे.

यंदा मात्र नंदाने विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं, तेही नलिनीला ठाऊक होतं. फराळाला आली होती तेव्हा नलिनीनेच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आता कोण जातं गं त्या गर्दीत? आमचा सौरभ सगळं ऑनलाइन मागवतो. बसल्या जागी सेल." नंदाने चकलीचा तुकडा मोडला होता आणि "बरंय की" एवढंच म्हणाली होती.

ऑनलाइनचं काय झालं ते नलिनीने कुणाला सांगितलं नव्हतं. मोबाइलमधल्या सडपातळ पोरीच्या अंगावर जो कुर्ता पाण्यासारखा वाहत होता, तो नलिनीच्या दंडात अडकला. तो परत पाठवला. दुसरा आला त्याचा रंग फोटोत गुलाबी होता, घरी आल्यावर विटकरी निघाला. तिसऱ्या खेपेला तिथेही एकावर एक होतं, पण दोन्ही तिलाच. दोन सारखे कुर्ते कपाटात एकमेकांवर पडून होते. सौरभ म्हणाला होता, "आई, एक आलटून एक पलटून घाल ना." त्याला काय कळणार म्हणा.

नंदा गेली आणि नलिनीने ताटली घासता घासता ठरवून टाकलं. दुसरा कुर्ता गंधालीकडेच असणार.

गंधाली म्हणजे नंदा काम करायची त्या दातांच्या क्लिनिकमध्ये नवी लागलेली मुलगी. नंदा सकाळच्या पाळीला काउंटर सांभाळायची, गंधाली संध्याकाळी. दुपारी अर्धा तास दोघींची गाठ पडायची, पण त्या अर्ध्या तासात एवढं काय काय बोलून व्हायचं की नंदाच्या तोंडी सदानकदा तिचंच नाव. गंधाली म्हणते केसांना दही लाव. गंधाली म्हणते लेगिंग आता कुणी घालत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, अशातली गत. नलिनीने तिला कधी पाहिलंही नव्हतं. पण त्या आठवड्यात तिच्या डोळ्यांसमोर ती सारखी यायची, पांढऱ्या बुट्ट्यांचा कुर्ता घालून, नंदाच्या हातात हात अडकवून सरकत्या जिन्यावरून वर जाताना. भाजी घेताना नलिनी भाजीऐवजी बायकांच्या अंगावरचे कपडे बघू लागली. एका बाईच्या मागे तर ती अख्खी गल्ली चालत गेली, आणि जवळ गेल्यावर बुट्ट्या नव्हत्या, ठिपके होते.

शेवटी तिला राहवेना. तिने संध्याकाळची वेळ घेतली आणि क्लिनिकमध्ये गेली. दुखत होतं पोटात, दाखवायला गेली दात.

गंधाली काउंटरवरच होती. गोल चेहऱ्याची, हसरी. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत क्लिनिकचा निळा एप्रन. आत काय घातलंय ते परमेश्वराला ठाऊक.

"काकी, नाव सांगा ना."

नलिनीने नाव सांगितलं. गंधालीने मान वर केली.

"नलिनी म्हणजे नंदाताईंच्या? अय्या! त्या किती सांगतात तुमच्याबद्दल."

"काय सांगतात?"

"ते मी नाही सांगणार," गंधाली हसून म्हणाली आणि तेवढ्यात आतून हाक आली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि किडलेले दोन दात शोधून काढले. एक लगेच कोरून भरला. नलिनी बाहेर आली तेव्हा तिचा अर्धा गाल बधिर होता, गंधाली फोनवर होती आणि एप्रनची गुंडी तशीच गळ्यापर्यंत लावलेली होती. काय सांगते नंदा हिला? आपल्याबद्दल हिच्याशी बोलते म्हणजे हिच्याशी किती बोलत असेल! घरी येईपर्यंत नलिनीला हेच खुपत राहिलं. त्या रात्री तिला जेवता आलं नाही, आणि ते दातामुळे असं सगळ्यांनी धरून चाललं.

सेल संपायच्या आदल्या दिवशी ती मॉलमध्ये गेली. सौरभला तिने तुळशीच्या लग्नासाठी ऊस बघायला जाते असं सांगितलं. दुकानात तीच गर्दी, तोच कोऱ्या कापडाचा वास, हँगरचा तोच खडखडाट. पूर्वी हा वास आला की तिला उत्साह यायचा. आज हातातली पर्स कुणाकडे द्यायची इथपासून प्रश्न होता. ट्रायल रूमच्या रांगेत पुढेमागे बायका जोडीजोडीने उभ्या होत्या, मायलेकी, जावा, मैत्रिणी. नलिनीला प्रत्येक जोडीचा राग आला. तिने वांगी रंगाचा, पांढऱ्या चौकड्यांचा एक कुर्ता घाईघाईने अंगात घालून बघितला आणि तोच घेऊन बिलाच्या रांगेत उभी राहिली. कुणाला दाखवायचं म्हणून नव्हे, असं ती स्वतःला सांगत होती. पण ते खोटं होतं. नंदाला दाखवायचाच होता. तुझ्यावाचून माझं काही अडलं नाही, हे तिला कुर्त्यातून सांगायचं होतं.

"मॅडम, ह्याच्यावर एक फ्री आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "दुसरा आणा ह्याच डिझाइनचा."

"मला एकच हवाय."

"मग पूर्ण पैसे पडतील."

नलिनी तशीच उभी राहिली. पैशांचं एवढं नव्हतं. पण एकच घ्यायचा म्हणजे भर दुकानात कबूल करायचं की आपलं कुणी नाही. मागून कुणीतरी तिच्या दंडाला हात लावला.

"काकू, एकट्या आहात का?"

पाठीला ऑफिसची बॅग लावलेली एक मुलगी होती. तिच्या हातात तोच चौकड्यांचा कुर्ता होता, हिरव्या रंगात.

"का गं?"

"मला पण एकच पाहिजे. एकत्र बिल करू या? अर्धं अर्धं."

नलिनीने हिरव्या कुर्त्याची कड उलटी करून बघितली.

"करा करा," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि दोन्ही कुर्ते पुढे ओढले. "इथे सगळ्या हेच करतात. सकाळपासून किती जोड्या लावल्या मी. ओळख ना पाळख."

बिल झालं. हिरवा कुर्ता पिशवीत कोंबून ती मुलगी "थँक्यू हां काकू" म्हणाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. मुलुंडची की भांडुपची, नाव काय, नलिनीने काही विचारलं नाही. ती दुकानाबाहेरच्या बाकावर बसली. गुरुवारी नंदाही अशीच आली असेल, एकटी. इथेच उभी राहिली असेल, आणि मागून कुणीतरी तिच्या दंडाला हात लावला असेल. तो दुसरा कुर्ता आता कुठल्या तरी नाहूरच्या नाहीतर विक्रोळीच्या बाईच्या दोरीवर वाळत असेल, आणि नंदाला तिचं तोंडही आठवत नसेल. नलिनीला इतकं हलकं वाटलं की तिने समोरच्या स्टॉलवरून स्वतःसाठी मक्याचे दाणे घेतले. दात भरलाय हे पहिला घास चावल्यावर आठवलं.

नंदा रविवारी दुपारी आली. चपला काढता काढताच तिची नजर वांगी कुर्त्यावर गेली. ती आत आली, पाणी प्यायली, मग नलिनीच्या बाहीची कड उलटी करून बघितली.

"ऑनलाइन?"

"नाही. सेलमधला."

नंदाने कापड दोन बोटांत चोळलं. "विरळ आहे. दोन धुण्यांत आकसणार."

कापड विरळ नव्हतं. ते नलिनीला माहीत होतं आणि नंदालाही माहीत होतं. चेकिंगच्या टेबलावर इतकी वर्षं काढली, पण नंदाने चांगल्या मालावर कधी नापासाचा लाल स्टिकर लावला नव्हता. नलिनी चहा ठेवायला वळली, कारण तिला हसू येत होतं.

"दात भरून आलीस, मला कळवलं नाहीस," नंदा मागून म्हणाली. "गंधालीकडून कळलं. मॉलला जाऊन आलीस, तेही नाही. कुणाबरोबर गेलीस?"

नलिनीने आलं ठेचायला घेतलं.

"मला माहितेय," नंदा म्हणाली. "तुझ्या चौथ्या मजल्यावरची ती रत्नप्रभा. जोडीचा तिच्याकडे असणार. तिला कपड्यातलं काय कळतं गं? पडदे अंगाला गुंडाळल्यासारखी फिरते."

रत्नप्रभेशी नलिनीचं लिफ्टमध्ये "पाणी आलं का" यापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं.

"मी तर एकटी गेले होते," नंदाचा आवाज चढला. "तू ऑनलाइनवाली झालीस, मी म्हटलं कशाला हिला त्रास द्या. काउंटरवर कुणीतरी बाई भेटली, तिला दिला दुसरा. आणि तू सरळ दुसरीला घेऊन गेलीस? विचारायचं तरी होतंस."

आता सांगून टाकायचं. मीसुद्धा एकटीच होते, मीसुद्धा कुणालातरी दिला, एवढंच म्हणायचं होतं. दोघी हसल्या असत्या. शब्द नलिनीच्या जिभेवर आले होते. पण तिने मागे वळून बघितलं. नंदाचं नाक लाल झालं होतं, ओठ घट्ट मिटलेले होते. कुणीतरी आपल्यासाठी एवढं जळतंय हे नलिनीने आजवर पाहिलं नव्हतं. नवऱ्याला तर ते कधी जमलंच नाही. तिला ते इतक्यात संपवावंसं वाटेना.

"स्वभावाने बरी आहे गं ती," नलिनी म्हणाली.

चहा उतू जायला आला, नलिनीने गॅस बारीक केला. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि नंदा तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"सरळ उभी राहा. वाकू नकोस." नंदाने तिच्या पाठीवरचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं आणि खाली ओढून बघितलं. "मागून ओढतोय हा. खांद्यात घट्ट आहे. एक नंबर मोठा घ्यायला हवा होता. तिला दिसलं नाही एवढं?"

नलिनी सरळ उभी राहिली.

"नाही गं," ती म्हणाली. "तिला कुठलं दिसतंय."