सहा जणांच्या सहा रेषा

मित्रांनो, रुग्णालयाच्या कपाटात, खालच्या खणात, पट्ट्यांच्या खोक्याखाली जो जुना लॅपटॉप आहे, तो मी. माझी बॅटरी फुगली आहे आणि दोन बटणं निघाली आहेत.

पूर्वी मी व्यायामाच्या खोलीत, व्यायाम करून घेणाऱ्या ताईंच्या टेबलावर असे. पडून हाड मोडलेली म्हातारी माणसं तिथे पुन्हा चालायला शिकत. कोण किती पावलं चाललं, ते ताई दर शनिवारी माझ्यात भरत. भरताना त्यांना मान वर करायला फुरसत नसे. मग 'आर' नावाच्या संगणकभाषेत त्या सूचना देत आणि मी आलेख काढत असे.

त्या वेळी सहा जण होते. त्यांतले मास्तर सगळ्यांचे लाडके. कसं वाटतंय विचारलं की म्हणायचे, "मला काय धाड भरलीये?"

डॉक्टरांनी सहा जणांची सरासरी पाहिली. ती वाढत होती.

"सोमवारी सगळ्यांना घरी सोडू," ते म्हणाले. "कागदांना आलेख तेवढा जोडा."

ताईंनी घाईत सूचना दिली. कोणता आकडा कोणाचा, हे मला सांगायचं राहिलं. मी बापडा सगळे ठिपके एकाच वर-खाली जाणाऱ्या दातेरी रेषेत ओवून मोकळा झालो. मास्तर डोकावले.

"ताई, ही करवत कोणाच्या पायासाठी?"

"थांबा हो मास्तर, चुकलंय माझं."

त्यांनी सूचनेत भर घातली: प्रत्येक नावाचा वेगळा गट, वेगळा रंग. मी सहा रेषा काढल्या. पाच वर चढत होत्या. जांभळी मात्र तिसऱ्या आठवड्यापासून खाली येत होती.

ताईंनी जांभळ्या रंगासमोरचं नाव वाचलं. "मास्तर, दुखतंय ना?"

"सगळे घरी निघाले होते. म्हटलं, आपण कशाला खोडा घालायचा?"

एक्स-रे काढला. हाडातला स्क्रू सैल झाला होता. मास्तर थांबले, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि दोन महिन्यांनी काठी टेकत आपल्या पायांनी घरी गेले. डॉक्टरांनी ताईंना शाबासकी दिली. ताईंनी माझ्यावरून फडकं फिरवलं. मला तेवढं पुरे होतं.

पुढे नवा संगणक आला आणि मी कपाटात गेलो. त्याचा राग नाही.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. घरातलं कोणी "मी बरा आहे" म्हणालं, तर त्याला सगळ्यांत मिसळून मोजू नका. जवळ बसा. काल तो किती चालला आणि आज किती चालतो, ते पाहा. वेळ हातात आहे तोवर पाहा.