अठ्ठावीस किलो

दमलोय मी, मित्रांनो. डिंगोरे गावच्या दवाखान्यात, औषधांच्या रिकाम्या खोक्यांमागे एक जुना वजनकाटा उभा आहे ना, तोच मी. सुई वाकलीय, पायथा गंजलाय. खरं सांगतो, आता कुणी अंगावर चढूच नये असं वाटतं.

१९९१ साली पुण्याहून एसटीच्या टपावरून आलो, तेव्हा माझा काय तोरा होता. कंपाउंडर गेणभाऊ मला रोज फडक्यानं पुसायचे. म्हातारीकोतारी देवळात शिरावं तशी चपला काढून माझ्यावर चढायची. एकदा कुणीतरी बोकडही उभा केला, तोही सोसला. "आपला काटा लई खरा," गेणभाऊ येईल त्याला सांगायचे आणि मी फुगून जायचो. त्याच खरेपणानं पुढं माझी झोप उडवली.

इथली मंगल राजुरीच्या संपतला दिलेली. बारा वर्षं संसार झाला, त्यातला निम्मा अबोल्यात गेला. २००२ साली मंगल मुलीला घेऊन माहेरी आली आणि कोर्टात काडीमोडाचा अर्ज पडला. मुलगी आरोही, अकरा वर्षांची. शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार बापाकडे असं ठरलं. एकमेकांचा उंबरा चढायचा नाही, म्हणून पोरीची ने-आण दवाखान्यातून व्हायची. तिचं पोट सारखं दुखायचं, घास उतरत नसे. जंताची औषधं देऊन डॉक्टर थकले.

वजन उतरलं आणि भांडण पेटलं. "तिकडं पोरीला पोटभर घालत न्हाईत," संपत म्हणायचा. "राजुरीला जाऊन आली का पोर वाळती," मंगलचं उत्तर तयारच. मग दोघांनी एक खूळ काढलं. शनिवारी नेताना वजन, रविवारी आणताना वजन, डेअरीवर दूध मोजून घालावं तसं. सुई अर्धा किलो जरी खाली आली तरी दवाखाना डोक्यावर. आरोही माझ्यावर उभी राहून सुईकडं बघत राहायची. तिचे तळपाय घामानं ओले असत. फार कीव यायची मला तिची.

दिवाळीनंतर नवल झालं. वजन अठ्ठावीसवर ठरलं. नेताना अठ्ठावीस, आणताना अठ्ठावीस. भांडण थांबलं, डॉक्टरांचं तपासणंही कमी झालं. वजन बरं म्हणजे पोर बरी, अशी सगळ्यांची समजूत. मला मात्र ठाऊक होतं. तिच्या स्वेटरच्या दोन्ही खिशांत ओढ्यातले गोटे असत. गेणभाऊ कागद आणायला वळले की ती पुटपुटायची, "अठ्ठावीसच दाखव हां." मी दाखवायचो. दर आठवड्याला एक गोटा वाढत होता.

माघातल्या एका रविवारी ती माझ्यावर चढली आणि चक्कर येऊन कोसळली. गोटे फरशीवर घरंगळले. गेणभाऊंनी तिला उचलून निजवलं. शुद्धीवर आल्यावर स्वेटर काढून, हाताला धरून पुन्हा माझ्यावर उभं केलं. पंचवीससुद्धा भरलं नाही.

"आरू, का गं असं केलंस?" संपतनं विचारलं.

"वजन कमी आलं का तुमी भांडता," ती म्हणाली. "मंग माझं पोट लई दुखतं."

दोघंही भिंतीला टेकून खाली बसले. मग मंगलनं दूध मागवलं. संपतनं कप धरला आणि तिनं पोरीला चमच्यानं पाजलं.

काडीमोड झालाच, मित्रांनो. तो टाळायला मी काही गोष्टीतला जादूचा काटा नव्हे. पण पोरीला मध्ये घालून भांडणं त्यांनी सोडलं. संपत तिला न्यायला मंगलच्या दारापर्यंत येऊ लागला. तरी किलोभर मांस अंगी लागायला आरोहीला सहा महिने लागले.

म्हणून मोठ्यांना एवढं सांगा, लेकराला काट्यावर चढवण्याआधी जवळ बसवा. आणि तुमच्यापैकी कुणाचं पोट असं दुखत असेल, तर बाईंना सांगा, मावशीला सांगा, गेणभाऊंसारख्या कुणाला तरी सांगा. मला सांगू नका. मला तिनं दर आठवड्याला सांगितलं होतं, आणि मी मुकाट्यानं अठ्ठावीस दाखवत राहिलो.