मामा कुठाय?

चाकूरच्या धुरपताबाईंकडे लग्नपत्रिका टाइप करून घ्यायची, तर आधी कॉम्प्युटर उघडेपर्यंत दम धरावा लागे. बटण दाबून बाईंची झाडलोट व्हायची, देवाला फूल वाहून व्हायचं, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच. मागच्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं कंटाळून लातूरला गेली, तेव्हा बाईंनी नांदेडहून भाची सुकन्याला बोलावलं.

सुकन्यानं मशीन तपासलं आणि कपाळाला हात लावला. "आत्या, एकोणीसशे फॉन्ट? उठल्या उठल्या ह्या समद्यांची हजेरी घ्यायला लावतीस व्हय त्याला?"

"गिऱ्हाइकाला भावकीपेक्षा येगळं अक्षर लागतं, माय."

"आन् वापरतीस किती?"

बाईंनी मनात मोजलं. "सहा."

तिनं साठ ठेवून बाकीचे काढले, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवली. मग बटण दाबलं, तर बाई पदर खोचेपर्यंत मशीन तयार.

दुपारी हणमंतराव मुलीच्या पत्रिकेसाठी आले. एरवी ज्याला अर्धा दिवस जाई, त्या कामात पंचवीस मिनिटांत सत्त्याऐंशी नावं बसली. त्यांनी वाचून मान डोलावली, बाईंनी फाइल लातूरच्या छापखान्याला पाठवली आणि हणमंतराव कागद निवडायला एसटीत बसले.

रिकाम्या हातांनी बसवेना, म्हणून बाईंनी पत्रिका पुन्हा वाचली. आजोबा होते, काका होते, चिल्लीपिल्ली होती. मामा नव्हता. नवरीला मांडवात आणणारा मामा! मशीन अडून बसायचं, तेवढ्यात गप्पांच्या ओघात राहिलेली माणसं आठवायची, हे बाईंना आत्ता उमगलं. अशी पत्रिका वाटली गेली, तर दुकानाची पायरी पुन्हा कोण चढणार?

आधी छापखान्याला थांबवलं, मग हणमंतरावांना फोन लावला.

"मामा कुठाय?"

"कुणाचा?"

"नवरीचा."

एसटीच्या घरघरीतून हळूच, "बाई, बायको मला घरात घेणार न्हाई."

"घेईल. नाव सांगा."

"आनंदराज. आन् धाकला शिवशंकर."

त्यांचं बोलणं संपायच्या आत फाइल उघडली होती. "अजून कोण राहिलंय ते आठवा. लातूर येईस्तोवर मी हितंच बसलेय."

मग फोनवरून माणसं येतच राहिली. एक आत्या, दोन साडू, मुलीच्या शाळेतले गुरुजी. लातूरच्या वेशीवर शेवटचा फोन आला.

"एक लिवा. पंढरी."

"हे कोण आणखी?"

"कंडक्टर. बोलता बोलता साडूचा चुलतभाऊ निघाला. हितंच उभा हाय, बघायलाय."

बाईंनी पंढरीला पत्रिकेतल्या ‘आपले नम्र’मध्ये बसवलं आणि फाइल धाडून दिली.