पाणी उतरलेला वस्तरा

मित्रांनो, खोबरेल तेलाचा वास येणाऱ्या एका पत्र्याच्या डबीत मी राहतो. मी एक जुना वस्तरा आहे. एका बाजूला जाड पाठ, दुसऱ्या बाजूला धार आणि मिटून ठेवायला काळ्या शिंगाची मूठ. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा वस्तरा पाहिलाही नसेल. हल्ली पातं बोथट झालं की बदलतात. आमच्या वेळी तेच पातं जन्मभर सांभाळत.

माझा जन्म परदेशातला. तिथे मला लालबुंद तापवून तेलात बुडवलं आणि मग मंद आचेवर पुन्हा शेकलं. याला पोलादाला पाणी देणं म्हणतात. पाणी दिलेलं पोलाद धार धरून ठेवतं. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

बोटीनं मी मुंबईला आलो आणि भांडुपच्या गुणाजीच्या हाती पडलो. गुणाजी मूळचा मालवणकडचा. बाजारात त्याचं एका खुर्चीचं सलून होतं. रोज सकाळी तो मला चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, तीसदा तिकडे, तीसदा इकडे. दगडावर मात्र महिन्यातून एकदाच, तेही अगदी हलक्या हातानं. घाई त्याला ठाऊकच नव्हती. त्याचा अंगठा माझ्या पाठीवर टेकला, की गालाची प्रत्येक उंचसखल जागा मला कळायची. तो अंगठा मला अजून आठवतो.

नाहूरकडच्या जुन्या गावठाणातला इसिडोर त्याचा दोस्त होता. भातशेती करायचा आणि शनिवारी न चुकता दाढीला यायचा. त्यांच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात नवऱ्याची दाढी करायची रीत. इसिडोरच्या लग्नात त्याची दाढी गुणाजीनं माझ्याच धारेनं केली. बाजूला बायका गाणी म्हणत होत्या. इसिडोर डोळे मिटून म्हणाला, "जपून रे गुणाजी. उद्या फादरसमोर चिकटपट्टी लावून उभं नको करूस मला."

एवढासाही ओरखडा उठला नाही, मित्रांनो. आयुष्यात तेवढं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

वर्षं गेली. गुणाजी थकला, सलून बंद झालं आणि मी ट्रंकेत गेलो. दमट हवेनं माझ्या अंगावर गंजाचे ठिपके आले. मग १९८६ साली पावसाळा सरता सरता इसिडोर गुणाजीच्या घरी आला. दिवाळीनंतर त्याच्या मुलाचं, अर्बनचं लग्न होतं. त्यानं चहा अर्धा ठेवूनच सांगितलं, की पोराची दाढी गुणाजीनंच करायची, आणि त्याच वस्तऱ्यानं. गुणाजीनं हो म्हटलं. त्या दिवशी ट्रंकेतल्या अंधारातही मला मांडवातली गाणी ऐकू येत होती.

गुणाजीचा मुलगा बाळा एका कारखान्यात फिटर होता. हुशार, कामसू, पण हात यंत्राच्या वेगाला सरावलेला. खंडेनवमीला कारखान्यात सगळी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडायची. बाळाच्या मनात आलं, बाबांचा वस्तराही झकास चमकवून घरच्या पाटावर ठेवू. कुणाला न सांगता तो मला कारखान्यात घेऊन गेला.

आधी ग्राइंडरवर गंज काढला. ठिणग्या उडाल्या. माझी धार कागदासारखी पातळ. ती क्षणात तापली आणि निळी झाली. बाळाला वाटलं, डाग पडला. तो घालवायला त्यानं मला पॉलिशच्या कापडी चाकावर आणखी जोरानं दाबलं. चाकानं धार पकडली आणि मला हिसकावून भिंतीवर फेकलं. मूठ तडकली, बाळाचा अंगठा चिरला. तो मला बसलेला शेवटचा हिसका होता आणि मी दिलेला शेवटचा घाव.

निळा डाग त्यानं घासून घालवला. मुठीला तार गुंडाळली. घरच्या पूजेच्या पाटावर मी आरशासारखा चमकत होतो. गुणाजीनं मला हळदकुंकू वाहिलं, पण बाळाच्या अंगठ्याच्या पट्टीकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

दसरा झाल्यावर त्यानं मला पट्ट्यावर घेतलं. मग दगडावर. मग पुन्हा पट्ट्यावर. धार यायची आणि हातावरचे चार केस कापले की वळून जायची. असे आठ दिवस गेले. लग्न जवळ येत होतं. शेवटी त्यानं बाळाला जवळ बसवलं.

"ह्येचा पाणी उतारला रे," एवढंच तो म्हणाला. ग्राइंडरच्या तापानं धार निळी झाली, तेव्हाच ते गेलं होतं.

बाळानं विचारलं, पुन्हा देता नाही का येणार? गुणाजीनं नकारार्थी मान हलवली. एवढ्या पातळ धारेला पुन्हा पाणी देणारा त्याच्या माहितीत कुणी नव्हता. बाळाची मान खाली गेली. त्याला ओरडा मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी गुणाजी मांडवात गेला. खिशात दोन वस्तरे होते: एक नवा, ब्लेड घालायचा, आणि एक मी. त्यानं इसिडोरला सगळं सांगितलं. इसिडोरनं मला हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाला, "कापत नसेल तर नसू दे. पोराच्या गालावरून फिरेल तर ना?"

अर्बनच्या गालावर साबण लावून गुणाजीनं मला उलटं धरलं आणि माझी बोथट पाठ एकदाच, हलकेच त्याच्या गालावरून फिरवली. बायकांनी गाणं धरलं. गाल उबदार होता, बापाच्या गालासारखाच. मग त्यानं मला मिटलं आणि नव्या वस्तऱ्यानं दाढी केली.

मित्रांनो, बाळानं माझं वाईट चिंतलं नव्हतं. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी, ती ज्यानं वापरली त्याला एकदा विचारा. बाळाचे बाबा तर शेजारच्याच खोलीत होते.

आता गुणाजी नाही. दर खंडेनवमीला बाळा मला डबीतून काढतो, मऊ फडक्यानं सावकाश तेल लावतो. त्याचा तो व्रण असलेला अंगठा माझ्या पाठीवर टेकतो, थेट बापासारखा. तेव्हा मला मांडवातल्या त्या उबदार गालाची फार आठवण येते.